लंडनला सहावे, हेलसिंकीला तिसरे: खाशाबांच्या मधल्या चार वर्षांचं प्रकरण

मागच्या महिन्यात आमच्या तालमीतला एक पोरगा, दहावीतला, शालेय जिल्हा स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून आला. जत्रेच्या फडात हा पोरगा स्वतःपेक्षा पाच-सहा किलो जड गडी अंगावर घेतो आणि आस्मान दाखवतो, नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात करून आता त्याच्या नावावर पाचशे-हजाराचं इनाम लागतं, आणि तिथे गादीवर, म्हणजे मॅटवर, दोन मिनिटांच्या आत दहा गुणांनी मागे पडून हरला. पाठ लागलीच नव्हती त्याची. "सर, मी पडलोच न्हाय, मग हरलो कसा?" एवढं एकच चाललं होतं त्याचं. दुसऱ्या दिवशी तालमीला आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मी घरी गेलो त्याच्या. समजवायला लागलो तर तोंडातून तेच यायला लागलं जे आपण सगळेच बोलतो, अपयश ही यशाची पायरी, ठेच लागल्याशिवाय शहाणपण येत नाही, आणि बोलताना मलाच दिसत होतं की पोरगं खाली मान घालून नुसतं ऐकून घेतंय. त्याचा प्रश्न सरळ होता, हरलो कसा. त्याचं उत्तर मी दिलंच नव्हतं.

घरी येऊन मग खाशाबांचं सगळं परत काढून बसलो. आमच्या कराड भागात खाशाबा जाधव हे नाव लहानपणापासून कानावर असतं, दरवर्षी १५ जानेवारीला शाळेत भाषणं होतात, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, कुस्तीतलं ब्राँझ, हेलसिंकी १९५२, एवढं प्रत्येक पोराला पाठ असतं. पण १९४८ ते १९५२ या चार वर्षांत नेमकं काय काय झालं, कशामुळे माणूस सहाव्यावरून तिसऱ्यावर गेला, त्यातलं किती त्यांच्या हातात होतं आणि किती नव्हतं, हे मी कधी नीट मांडून बघितलं नव्हतं. इथे तेच करतोय.

त्याआधीचं थोडं

कराडला लागून गोळेश्वर आहे, तिथे १५ जानेवारी १९२६ चा जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे, म्हणजे लाल माती घरातच होती. पाचव्या वर्षापासून कुस्तीच्या हौदात. शाळा कराडचं टिळक हायस्कूल. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, निरोप-पत्रकं पोचवणं ही कामं त्यांनी केली, तेव्हा वय सोळा.

पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेज. इथली एक गोष्ट सांगतात ती मला महत्त्वाची वाटते. कॉलेजच्या स्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला गेले तर क्रीडा शिक्षकांनी अंगयष्टी बघून नावच घ्यायला नकार दिला. उंची साडेपाच फुटाच्या आसपास, वजन बावन्न किलोच्या घरात, कोल्हापुरातल्या पैलवानांच्या मानाने अगदीच किरकोळ. खाशाबा सरळ प्राचार्य खर्डेकरांकडे गेले, त्यांनी परवानगी दिली, आणि मग ते एकापाठोपाठ एक कुस्त्या मारत गेले. खर्डेकरांचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मी स्वतः शाळेत क्रीडा शिक्षक आहे म्हणून हे वाचताना जरा पोटात कालवतं. किती पोरांची नावं आपण नुसतं अंग बघून घेतली नसतील, आणि ती पोरं प्राचार्यांपर्यंत गेली नसतील.

लंडन, १९४८

कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाची सोय केली आणि बावीस वर्षांचे खाशाबा लंडनला गेले. गट फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोपर्यंत. आणि इथेच खरी अडचण सुरू होते, कारण गादीवरच्या कुस्तीची आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय नियमांची त्यांना सवयच नव्हती.

ज्यांनी कुस्ती कधी केली नाही त्यांना हे पटकन लक्षात येत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. मातीतली कुस्ती म्हणजे चितपट. पाठ लागली, निकाल झाला, नाही लागली तर लढत राहा, जुन्या काळात तास-तास कुस्त्या चालायच्या आणि शेवटी पंच सोडवायचे. त्यामुळे मातीतला पैलवान दम राखून खेळतो, आधी अंदाज घेतो, समोरच्याला झुंजवतो, थकवतो, आणि मग डाव टाकतो. पाय मातीत रुततो, माती अंगाला लावली की घामात पकड सुटत नाही, सगळं शरीर त्या मातीच्या हिशोबाने घडलेलं असतं. गादीवर पायात बूट, पाय रुतायचा प्रश्नच नाही, उलट फिरतो, बाजूला रेषा, आणि घड्याळ चालू. तेव्हा एक कुस्ती जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची असायची, आणि तेवढ्यात पाठ लागली नाही तर पंच ठरवणार कोण वरचढ होतं. म्हणजे तुम्ही न पडता हरू शकता. आमच्या पोराला जे कळत नव्हतं ते हेच.

अजून एक भानगड होती. तेव्हा ऑलिम्पिकमध्ये वाईट गुणांची पद्धत होती. हरलात की वाईट गुण चढायचे, आणि जिंकूनसुद्धा नुसत्या पंचांच्या निर्णयावर जिंकलात तर एक वाईट गुण अंगावर यायचाच. चितपट मारली तरच पाटी कोरी. पाच झाले की स्पर्धेतून बाहेर. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर डोक्यात लख्ख झालं, कारण याचा अर्थ असा की मातीत शिकलेली जी मुख्य गोष्ट, चितपट मारायची, तिला त्या गादीवर सगळ्यात जास्त किंमत होती. मातीत शिकलेलं सगळं टाकून द्यायचं नव्हतं. फक्त ते कमी वेळात आणि न रुतणाऱ्या पायांवर करता यायला हवं होतं.

लंडनला अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना गादीची ओळख करून दिली. किती दिवस मिळाले असतील, थोडेच. तेवढ्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांतच मारलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं, आणि मग इराणच्या मन्सूर रईसीपुढे हरले. सहावा नंबर.

आता बघा, हा सहावा नंबर दोन पद्धतीने वाचता येतो. गादीची धड ओळख नसलेला पोरगा जगात सहावा आला, म्हणजे केवढी मोठी गोष्ट, सत्कार घ्या आणि घरी बसा. किंवा, पदक नाही, आपलं काम नाही हे, मातीतच बरे होतो. दोन्हीचा शेवट एकच, माणूस गादी सोडतो. खाशाबांनी तिसऱ्या पद्धतीने वाचलं. आपण कशामुळे हरलो ते बघितलं, आणि ती गोष्ट शिकता येण्यासारखी आहे हे ओळखलं. ताकद कमी पडली असती, उंची कमी पडली असती तर हातात काही नव्हतं. कमी पडली होती ती सवय. सवय लावून घेता येते.

मधली चार वर्षं

परत आल्यावर सकाळ-संध्याकाळ चार-चार तास मेहनत करायचे असं सांगतात. जोर-बैठका तर होत्याच, पण भर फ्रीस्टाइलवर, म्हणजे गादीवरच्या कुस्तीवर. गोविंद पुरंदरे हे त्यांचे मार्गदर्शक. ढाक हा खाशाबांचा हुकमी डाव, समोरच्याची मान पकडीत जखडायची, अंग वळवायचं आणि तसाच उचलून खाली घालायचा. मातीतला डाव आहे. तो त्यांनी सोडला नाही, गादीवर नेला. आणि या वेळी गट बदलला, ५२ किलो सोडून ५७ किलोचा बँटमवेट, म्हणजे समोरचे गडी अजून जड.

मेहनतीचा हा भाग भाषणात सगळे सांगतात, त्यामुळे मी इथे थांबत नाही. मला थांबायचंय ते पुढच्या दोन गोष्टींवर.

पहिली निवडीची. १९५२ च्या आधी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथे मुद्दाम एक गुण कमी देऊन आपल्याला डावललं असं खाशाबांचं म्हणणं होतं. हेलसिंकी हातातून गेल्यात जमा. त्यांनी पटियालाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांना कुस्तीची जाण होती, त्यांनी परत कुस्ती लावायला सांगितली, आणि खाशाबांनी ती मारली. बस, एवढंच. पण विचार करा, गोळेश्वरच्या शेतकरी घरातला पोरगा, पटियालाच्या महाराजांपर्यंत जाऊन सांगतो की माझ्यावर अन्याय झालाय, परत लढवा. कॉलेजात क्रीडा शिक्षकांनी नाही म्हटल्यावर प्राचार्यांकडे जाणारा हाच तो पोरगा. सोसत गप्प बसणं म्हणजे सहनशीलता, आणि सहनशीलता म्हणजे मोठेपणा, असं आपल्याकडे फार शिकवतात. खाशाबांच्या प्रकरणात मला तसं कुठेच दिसत नाही. जिथे नियम वेगळा होता तिथे ते नियम शिकले, जिथे अन्याय होता तिथे भांडले. हा फरक ओळखता येणं हीच त्या चार वर्षांतली सगळ्यात मोठी वाढ आहे असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. निवड झाली पण हेलसिंकीला जायचा खर्च स्वतः उभा करायचा होता. १९४८ ला संस्थान होतं, महाराज होते. आता संस्थान विलीन झालेलं. मुंबई राज्याच्या सरकारकडे चार हजार रुपये मागितले तर स्पर्धा झाल्यावर या असं उत्तर मिळालं. स्पर्धा झाल्यावर! मी हे वाक्य पोरांना सांगतो तेव्हा वर्गात कुणीच काही बोलत नाही.

मग प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. कोल्हापूरच्या मराठा बँकेकडे, सात हजार रुपयांना. आपल्या घरातला पोरगा नाही, नात्यातला नाही, कॉलेजचा एक विद्यार्थी, आणि कुस्तीत पदक मिळेल याची खात्री तर सोडाच, तोपर्यंत भारतातल्या कुणाही पैलवानाला ऑलिम्पिकचं पदक मिळालेलं नव्हतं. १९५२ साली सात हजार म्हणजे किती याचा अंदाज यायला एवढंच बघा, की खुद्द सरकारला चार हजार जड गेले होते. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढली, कुणी पैसे दिले, कुणी धान्य दिलं, कराड-कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांनी जमेल ते दिलं. खाशाबा दारोदार फिरले. ज्या दिवसांत पैलवानाने खुराक आणि मेहनत सोडून दुसरं काही डोक्यात आणू नये त्या दिवसांत हा माणूस वर्गणीची वही घेऊन फिरत होता.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायचीय. पैशाच्या या अडचणीने खाशाबा घडले असं मी म्हणणार नाही. गादीने घडवलं, कारण गादीवर हरल्यावर काय शिकायचं ते दिसत होतं. वर्गणीच्या वहीने काय शिकवलं? काही नाही, तिने फक्त सरावाचे दिवस खाल्ले. अडचणीतून माणूस मोठा होतो म्हणताना आपण सगळ्या अडचणी एकाच पोत्यात भरतो, आणि मग ज्या अडचणी कुणीतरी दूर करायला हव्या होत्या त्यांचंही कौतुक करून मोकळे होतो. खर्डेकरांनी असं काही केलं नाही. पोरगा सोसेल आणि सोसून मोठा होईल म्हणून ते गप्प बसले नाहीत, घराचे कागद घेऊन बँकेत गेले. मास्तर म्हणून मला शिकायचं असेल तर ते खर्डेकरांकडून.

हेलसिंकी

पहिली कुस्ती कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनशी. ही कुस्ती १४ मिनिटं २५ सेकंद चालली. पंधरा मिनिटांची हद्द, त्यात पस्तीस सेकंद उरलेले, आणि तिथे खाशाबांनी निकाल लावला. हा आकडा मी वहीत दोनदा गोल करून ठेवलाय. गुणांवर जिंकत असतील-नसतील, पस्तीस सेकंद रेटून नेता आले असते, पण वाईट गुणांची पद्धत ज्याला समजलीय तो शेवटच्या अर्ध्या मिनिटातही चितपट शोधतो. चार वर्षांपूर्वी ज्याला या गादीची सवय नव्हती त्याने आता घड्याळ आणि गादी दोन्ही ओळखली होती.

दुसरी मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोशी, ५ मिनिटं २० सेकंदांत खलास. पुढे जर्मनीच्या पैलवानालाही हरवलं. आणि मग शेवटच्या तिघांत जपानचे शोहाची इशी, सोव्हिएत युनियनचे रशीद ममदबेयोव्ह आणि आपले खाशाबा.

इशींबरोबरची कुस्ती लांबली, दमवणारी झाली, खाशाबा हरले. आणि ती संपल्या संपल्या त्यांना ममदबेयोव्हशी लढायला उभं केलं. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण हे पंचांना सांगायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगाने उभे राहिले आणि हरले. इशींना सोनं, ममदबेयोव्हना रौप्य, खाशाबांना ब्राँझ. तारीख २३ जुलै १९५२. त्याच ऑलिम्पिकला कोल्हापूरचेच माणगावे वरच्या गटात लढत होते, त्यांचं पदक अगदी थोडक्यात हुकलं, आणि त्यांचं नाव आज आमच्याकडेसुद्धा कुणाला आठवत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

त्या अर्ध्या तासाबद्दल मी खूप विचार केलाय. विश्रांती मिळाली असती तर रौप्य आलं असतं का, हे सांगता येणार नाही, ममदबेयोव्ह काही साधा गडी नव्हता. पण मद्रासला अन्याय झाला तेव्हा पटियालाचे महाराज होते, पैसे नव्हते तेव्हा खर्डेकर होते, आणि हेलसिंकीच्या त्या हॉलमध्ये त्यांच्या बाजूने एक वाक्य बोलणारा कुणीच नव्हता. सगळी तयारी असलेला माणूस तिथे जाऊन एकटा पडला. इथे खाशाबांनी अजून काय करायला हवं होतं असं विचारणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्यांच्याकडून करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

परत आल्यावर

कराड स्टेशनवर उतरले तेव्हा १५१ बैलगाड्या सजवून आणल्या होत्या. ढोल, लेझीम, फटाके. स्टेशनपासून गोळेश्वरच्या महादेवाच्या देवळापर्यंत एरवी पंधरा मिनिटं लागतात, त्या दिवशी सात तास लागले असं गावातले लोक सांगत आलेत. आमच्याकडे जुनी माणसं हे सांगताना अजून हाताने बैलगाड्यांची रांग दाखवतात, इथून तिथपर्यंत. ज्यांनी पायली-पायली धान्य दिलं होतं ती माणसं त्या गर्दीत होती. पदक त्यांचंही होतं आणि त्यांना ते माहीत होतं.

आणि सत्कार झाल्यावर खाशाबांनी काय केलं, तर कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः लढले, जिंकले, आणि जो पैसा आला तो खर्डेकरांना देऊन त्यांचं घर सोडवलं. ऑलिम्पिकचं पदक जिंकून आलेला माणूस परत मातीत उतरला, कारण मास्तरांचं घर बँकेत अडकलं होतं. या अख्ख्या प्रकरणात वैयक्तिक वाढ का काय म्हणतात ती मला सगळ्यात जास्त इथे दिसते. ब्राँझ हे कौशल्याचं होतं, चार वर्षांत शिकलेल्या गादीचं होतं. घर सोडवणं हे माणसाचं होतं. हरण्याने, नाकारलं जाण्याने, दारोदार फिरण्याने माणूस कडवट होऊ शकतो, मी पाहिलेत असे पैलवान, चांगले पैलवान, पण आयुष्यभर सगळ्यांना शिव्या देत बसलेले, आणि त्यांचंही चूक म्हणवत नाही. खाशाबांना कुणाचं देणं आहे हे पदकाच्या गडबडीतही लक्षात राहिलं.

पुढचं

पुढचं लिहायला मन होत नाही पण अर्धवट सोडलं तर प्रकरण खोटं होईल. १९५५ ला पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. १९५६ च्या मेलबर्नची तयारी गुडघ्याच्या दुखापतीने गेली. खात्यात वर्षानुवर्षे बढती अडली, सत्तावीस वर्षांची नोकरी, निवृत्तीच्या तोंडावर सहाय्यक पोलीस आयुक्त झाले, आणि नंतर पेन्शनसाठीसुद्धा झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं २०१० ला, कॉमनवेल्थच्या वेळी. पद्म पुरस्कारासाठी घरच्यांना आणि गावाला मागणी करत राहावं लागलं.

पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक देशाला मिळालं १९९६ ला, लिएंडर पेस, अटलांटा. चव्वेचाळीस वर्षांनी. कुस्तीतलं पुढचं २००८ ला. आणि महाराष्ट्रातल्या खेळाडूचं पुढचं वैयक्तिक पदक थेट २०२४ ला पॅरिसमध्ये, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं, नेमबाजीत. बहात्तर वर्षं. खाशाबांच्या हयातीत त्यांना कुणी शिकवायला बसवलं असतं, की बाबा लंडनला काय चुकलं आणि चार वर्षांत ते कसं दुरुस्त केलं ते या पोरांना सांग, तर ही मधली वर्षं एवढी लांबली असती का? आपल्याकडे एक माणूस होता ज्याने मातीतून गादीवर जायची वाट स्वतः पायाने तुडवली होती, आणि आपण ती वाट त्याच्याकडून नीट समजून घेतली नाही. ही शेवटची अडचण खाशाबांच्या वाढीची म्हणून मी धरतच नाही. ती नुसती हानी आहे, त्यांची आणि आपली.

महाराष्ट्र केसरीला आज माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. पण गावोगावच्या तालमीत अजून गादी नाही. आमच्याकडे आहे ती जुनी, फाटलेली, मधे खड्डा पडलेली, आणि एवढी छोटी की रेषेबाहेर पाऊल म्हणजे थेट भिंत. मी पोराला अपयशाच्या पायऱ्या सांगत होतो आणि त्याला गादीवर आठवड्यातून एकदासुद्धा उभं केलेलं नव्हतं. तो कसा हरला त्याचं अर्धं उत्तर माझ्याकडेच होतं.

परत गेलो त्याच्याकडे. या वेळी वही घेऊन गेलो, त्याच्या कुस्तीचा मोबाईलवरचा व्हिडिओ होता तो लावला, आणि एकेक गुण कुठे गेला ते थांबवून थांबवून दाखवलं. दोन गुण मागे जाऊन ताबा घेतल्याचे. मग तसाच पालथा धरून भारंदाज, म्हणजे कंबर आवळून उलटवणं, पाठ गादीकडे वळली, दोन. परत भारंदाज, परत दोन. तिसऱ्यांदा, दोन. चौथ्यांदा, दोन, आणि दहा झाले. म्हणजे एकच डाव त्याला येत नव्हता, खाली पालथं पडल्यावर आवळून कसं राहायचं तो, कारण मातीत त्याला कुणी खाली पाडतच नव्हतं. पोरगं व्हिडिओकडे बघत बसलं आणि म्हणालं, "एवढंच व्हय?"

मग खाशाबांचं सांगितलं. सहावा नंबर, पोलिक्विन, सगळं. त्याला पदकाचं काही विशेष वाटलं नाही, ते त्याला शाळेत पाठच होतं. तो अडकला चौदा मिनिटं पंचवीस सेकंदांवर. आता मोठ्यांची कुस्तीसुद्धा तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, त्याला वाटलं मी चुकून सांगतोय.

रविवारी सकाळी तालमीत आला. बूट कुणाचे तरी मागून आणले होते, एक नंबर मोठे, आत कापूस कोंबलेला. म्हणाला, "सर, घड्याळ लावा, चौदा पंचवीस." तीन पोरं आलटून पालटून त्याच्यावर सोडली आणि मोबाईलचं टायमर लावलं. सातव्या मिनिटाला त्याला पालथा पाडला, आवळून राहिला, वळला नाही. नवव्या मिनिटाला गुडघ्यावर बसला. मी म्हटलं थांबवू का, तर मान हलवली, बोलायला दम नव्हता, आणि हाताने खूण केली की पुढचा पाठवा.